नावं घेणारी एस्तेरबाई

सोमवार, १ डिसेंबर. एस्तेर मसीह शनिवारी रिटायर झाली, काल रविवारी गाडीनं छत्तीसगडला भावाकडे गेली, आणि आज तिचं क्वार्टर रिकामं करून, चुना मारणाऱ्याला दाखवून, चावी ऑफिसात जमा करायचं काम माझ्याकडे आलं. मी या प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायिका आहे. एस्तेरबाई इथली परिचर. अशी कामं शेवटी माझ्याकडेच येतात, कारण मी ती करते.

रिकामं करायला काही नव्हतंच. एक खाट, सरकारी. एक बादली, तीही सरकारी. दाराच्या मागे खिळा, आणि त्याच्याखाली क्रूस लटकायचा तेवढाच भिंतीचा तुकडा उजळ राहिलेला. तरी मी खाट ओढून पाहिली, फडताळावरून हात फिरवला, मोरीतल्या पत्र्यामागे वाकून पाहिलं. वही शोधत होते. एस्तेरबाईकडे नावांची वही आहे असं हे गाव सतरा वर्षं म्हणत आलं आणि मी सतरा वर्षं त्यांना वेड्यात काढत आले. आज दार आतून लावून घेऊन तीच वही मी शोधली. वही नाही.

कारण सरळ सांगते. शनिवारी संध्याकाळी तिनं माझं नाव घेतलं. आणि माझ्या डाव्या छातीत दीड महिन्यापासून सुपारीएवढी गाठ आहे, जी मी कोणाला दाखवलेली नाही. डॉक्टरला नाही, माझ्या नवऱ्याला दिनकरलाही नाही. गावोगावच्या बायांना ‘लाजू नका, लवकर दाखवा’ असं सांगत फिरणं ही माझी नोकरी आहे.

आता नाव घेणं म्हणजे काय, ते सांगायला हवं.

दवाखान्याच्या मागे तीन क्वार्टर आहेत. त्यांच्यामागे धानाच्या बांध्या, आणि बांध्यांपलीकडे चोरखमारा तलावाचा कालवा. दिवस बुडायला आला की एस्तेरबाई हात धुवायची. कोपरापर्यंत, साबण लावून, आणि पुसायची नाही, वाऱ्यावर वाळवायची. मग शेवटच्या क्वार्टरच्या पायरीवर गावाकडे तोंड करून बसायची आणि एक नाव घ्यायची. “कौसाबाई.” मग थांबायची. आठ-दहा श्वास जातील एवढं. मग दुसरं नाव. पुन्हा थांबणं. मध्ये गाणं नाही, रडणं नाही, हात जोडणं नाही. सगळी नावं झाली की “येशूच्या नावानं” एवढं म्हणून उठायची आणि भात टाकायला आत जायची.

आवाज मोठा नव्हता. पण दिवाळीनंतर तलावाकडून धुकं सरकत येतं तेव्हा इथं आवाज कसे चालतात ते राहणाऱ्यालाच माहीत. शेजारी उभ्या माणसाचं बोलणं विरून जातं आणि पार त्या टोकाला कोणी भाताचा गंज खाली ठेवला तर तो कानाशी वाजतो. ती नाव घ्यायची ते अख्ख्या गावात जायचं. आणि ती थांबायची तेव्हा काहीच ऐकू यायचं नाही. कुत्रीसुद्धा गप्प. मला कुडव्याला घरी जायचं असायचं, पस्तीस-चाळीस किलोमीटर, अंधाराच्या आत. मी स्कूटीला किल्ली लावून उभी असायचे आणि माझ्या लक्षात यायचं की मीही श्वास धरून आहे.

नावं आजाऱ्यांची असायची. दिवसभर केसपेपर तिच्या हातून जायचे, कोणाचा ताप उतरला नाही, कोणाला बाळंतपणात त्रास आहे, तिला सगळं माहीत. आणि आजारी माणसांतलीच काही माणसं मरतात. हे समजायला नर्सिंग शिकावं लागत नाही. पण गावानं ते उलटं धरलं. ही नाव घेते, मग माणूस जातो. एकदा तसं धरलं की जी वाचली ती माणसं मोजायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

बाई स्वभावानं भुताटकीची अजिबात नव्हती. मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटक लागलं की पुढच्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्यानं हीच हसायची, नाकातून घुर्र आवाज काढून. लाखोरीची भाजी इतकी तिखट करायची की आमचे डॉक्टर एकदा खाऊन सलाईन मागू लागले. गावात एकटीच ख्रिश्चन. महिन्यातून दोन रविवार गोंदियाच्या चर्चला जायची, उरलेले दोन ड्युटी असायची, त्याबद्दल तक्रार नव्हती. एक गोष्ट मात्र विचित्र होती. “बरं होईल” असं ती कोणत्याही पेशंटला म्हणत नसे. नातेवाईक तोंडाकडे पाहत राहायचे. मी तिला म्हटलं होतं, “एक शब्द बोललीस तर काय बिघडते?”

“बरं होईल म्हणणारी मी कोण जी?” ती म्हणाली. “पाणी पाहिजे तं देतो. चादर बदलतो. नाव घेतो. बाकीचं माह्याकडे नाही.”

आणि तिची शांतता. लोकांना खरी भीती तिची वाटायची असं मला वाटतं. बाळंतपणात बाई रक्तानं भरली आहे, अँब्युलन्स रस्त्यात अडकली आहे, घरचे भिंतीवर डोकं आपटत आहेत, मी शिव्या घालत फोनवर ओरडते आहे, आणि एस्तेरबाई कापूस मोजून ट्रेमध्ये ठेवते आहे. हात कापत नाहीत. डोळ्याची पापणी नेहमीपेक्षा जास्त लवत नाही. अशा माणसाकडे पाहून धीर येतो असं लोक म्हणतात. इथं येत नसे. इथं लोक कुजबुजायचे, हिला आधीच माहीत आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी, पोळा होऊन गेला होता, धान पोटरीत आलं होतं, आणि गावात ताप आला. पंधरा दिवसांत तीन माणसं गेली. तिघांचीही नावं पायरीवरून घेतली गेली होती. तिसरं माणूस गेल्यावर चौथ्या दिवशी पोलीस पाटील गोपीचंदभाऊ चार माणसं घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

“सिस्टरबाई, तिले नाव घेणं बंद कराले सांगा.”

“काऊन?”

“काऊन म्हणता? तीन गेले ना. गावातले लोक भडकून राहिले. उद्या कोणी क्वार्टरले आग लावली तं माह्यावर येईल.”

“तापानं गेले, गोपीचंदभाऊ. तुमच्या गल्लीत टाक्या उघड्या आहेत. डासांना आधी आग लावा.”

मागचा एक जण पुटपुटला, “डास नाव नाही घेत.”

मी एस्तेरबाईला बोलावून तूर्त नावं घेऊ नकोस म्हटलं. भांडण होईल, ‘माझा धर्म, माझी प्रार्थना’ वगैरे ऐकावं लागेल अशी माझी तयारी होती. तिनं ओल्या हातानं दाराची चौकट धरून ऐकून घेतलं. “आवाज नाही करत,” म्हणाली, आणि ट्रे धुवायला निघून गेली. इतक्या सहज की ती माणसं अजूनच घाबरून बाहेर पडली.

त्या संध्याकाळी ती पायरीवर बसली आणि गप्प राहिली. मी पाहत होते. ओठ हलायचे, थांबायचे. हलायचे, थांबायचे. आणि समोर, बांधीच्या पलीकडच्या घरांच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली. आधी निदान कोणाचं नाव आहे ते कळत तरी होतं. आता कळेना. दुसऱ्या दिवशी ओपीडीत तीन बाया मला बाजूला घेऊन विचारून गेल्या, “बाई, माह्यं तं नाही ना?” तिसऱ्या दिवसापासून ओपीडी ओस पडली. ताप उतरला नव्हता. लोक आजारी माणसं लपवू लागले होते. केसपेपर निघाला की नाव एस्तेरबाईच्या हातात जाणार, म्हणून केसपेपरच काढायचा नाही.

मला राग आला की मी चालते. घरोघर सर्व्हे काढला, एस्तेरबाईला बरोबर घेतलं. लोकांच्या डोळ्यांसमोर तीच हवी होती मला. घराघरांत एकच उत्तर. सगळे बरे आहेत. कडुनिंबाचा धूर आणि बंद आतल्या खोल्या. गोपीचंदभाऊच्या अंगणात त्यांची बायको सुपात तांदूळ निवडत होती. घरात किती माणसं, मी विचारलं. पाच, म्हणाली. माझ्या रजिस्टरात सहा होती.

“सासू कुठं आहे?”

“कोण?”

“तुमची सासू. म्हातारी.”

ती सुपाकडे पाहत राहिली. नाव घेईना, नातं म्हणेना. आणि मला कळलं की या घरात त्या बाईचा उल्लेखच बंद केलाय. शेजारणीनं ऐकू नये, वाऱ्यावर जाऊ नये, म्हणून. आत माणूस झोपलेलं आहे आणि घरातल्या बोलण्यातून ते पुसून टाकलेलं आहे.

तेवढ्यात आतून, धानाच्या कोठीमागून, बारीक आवाज आला. “एस्तेर आली का वं?”

सून उठून उभी राहिली. सूप सांडलं.

“एस्तेर आली असंन तं तिले सांगा. माह्यं नाव घे म्हणा. आठ दिवस झाले, कोणी माह्यं नावच घेऊन नाही राहिलं. मी मेली का जित्ती आहो, मलेच समजून नाही राहिलं.”

एस्तेरबाईनं माझ्याकडे पाहिलं. बंदी मी घातली होती. मी मान हलवली.

ती अंगणातच उभी राहिली, आत गेली नाही. “सखूबाई,” म्हणाली, मोठ्यानं, पहिल्यासारखं. आणि थांबली.

आणि आतून उत्तर आलं, “हो.”

 त्याआधी त्या थांबण्यात कोणी कधी काही बोललं नव्हतं.

सखूबाईला आम्ही अंथरुणासकट उचलून अँब्युलन्समध्ये घातलं. सहा दिवसांनी ती गोंदियाहून परत आली, पुढे दोन वर्षं जगली आणि सुनेला बोल लावत राहिली. गोपीचंदभाऊ माझ्यासमोर येईनासे झाले, पण एक दिवस स्वतः टाक्यांवर झाकणं बसवताना दिसले. गावाची भीती मात्र गेली असं नाही. ती फक्त दुसरीकडून आली. आता लोक दवाखान्यात येऊन बजावायचे, “बाईले सांगा, नाव विसरू नोको.” आणि दारात उभे राहून कान लावायचे. स्वतःचं नाव आलं की धुक्यातून “हो” यायचं. कोणत्या घरातून ते दिसायचं नाही. बाईचा आवाज, म्हाताऱ्याचा, कधी लहान लेकराला आईनं शिकवलेलं “हो”. एका हिवाळ्यात तिनं भागरता म्हणून एका बाळंतिणीचं नाव घेतलं. कालव्याच्या बाजूनं स्पष्ट “हो” आलं. भागरता तेव्हा गोंदियाच्या वॉर्डात बेशुद्ध होती. मी दुसऱ्या दिवशी त्या बाजूच्या सगळ्या घरांत विचारलं. कालव्याच्या बाजूला मुळात दोनच घरं, आणि दोन्ही घरचे मंडईला गेलेले. भागरता वाचली, म्हणून लोक ते विसरले. गेली असती तर मला पोलीस बोलवावे लागले असते.

हे सगळं तू कायले करते, असं मी तिला एकदाच विचारलं होतं. आम्ही दोघी अवजारं उकळत होतो. ती चिमट्यानं एकेक काढून कापडावर ठेवत होती आणि न थांबता सांगत गेली. तिकडे गावी तिची मुलगी, रोशनी, अकरा वर्षांची, दोन दिवसांच्या तापात गेली. नवरा आधीच सोडून गेलेला. “त्या रविवारी मी चर्चमध्ये निरोप धाडला होता. पास्टर नवीन होते. ते बोलले, सब बीमारों के लिए दुआ करें. सब लोगांनी केली. मग बाई, सब में मेरी कहाँ थी? तिचं नाव कोणीच नाही घेतलं. मी बी नाही. मी तं नुसती चिल्लावून राहिली होती.”

“मग?”

“मग ती गेल्यावर मी घेतलं. रोज. देवावर खूप राग होता. रागानंच घेतो म्हटलं, ऐक. बाकी काही नाही बोलली. फक्त रोशनी. अना चुप.” चिमटा तिनं पाण्यात बुडवला. “भांडून-भांडून एक दिवस भांडण सरलं. तो उठून गेला नव्हता, तेवढं समजलं. बस.”

आमच्या घरी बुद्धवंदना होते. देव आणि त्याचं ऐकणं याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण एवढं मात्र मी रजिस्टरात लिहिल्यासारखं लिहू शकते की सतरा वर्षांत मी त्या बाईला घाबरलेलं पाहिलं नाही, आणि ती आंधळी किंवा मंद होती म्हणून नव्हे. तिला सगळं दिसत होतं.

शनिवारी निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, डॉक्टरांचं भाषण. संध्याकाळी ती नेहमीसारखी हात धुवून पायरीवर बसली. धुकं लवकर उतरलं होतं. मी हेल्मेट घातलं होतं, काच वर होती. सात की आठ नावं झाली. प्रत्येक नावाला हो आलं. ती आता उठेल असं वाटलं.

“सुनंदा.”

गावात सुनंदा दुसरी कोणी नाही.

ती माझ्याकडे वळली नाही. गावाकडे तोंड करून बसून राहिली. मी श्वास मोजले. आठ, दहा. पंधरा झाले. धुक्यात दारादारांत माणसं उभी होती, मला दिसत नव्हती, पण ती ऐकत होती हे मला कळत होतं.  मी हो म्हटलं नाही. स्कूटी सुरू केली आणि निघाले.

रविवारी सकाळी तिची पेटी घेऊन मी स्टेशनवर गेले, कारण ठरलं तसं होतं. गाडी धुक्यानं लेट. बाकावर बसून आम्ही चहा घेतला.

“एस्तेरबाई, माझं नाव काऊन घेतलं?”

“आलं तोंडात.”

“माझा केसपेपर तुझ्या हातात नव्हता.”

“नव्हता जी.”

“मग तुला काय माहीत आहे?”

“काहीच नाही माहीत.” तिनं बशीत चहा ओतला. “तुम्ही भेऊन राहिल्या, एवढं दिसते. दिवाळीपासून. कायले, ते नाही दिसत. ते माह्यं कामच नाही.”

मी विषय बदलला. मला वाटलं बदलला. “आणि दर नावाला थांबतेस कायले? तुझ्या देवाला कमी ऐकू येते?”

ती घुर्र करून हसली, चहा सांडला. “त्याले कायची वाट पाहाची. टाइम तं मले लागते. नाव त्याच्या हातात ठेवतो, पण माहा हात लवकर निघत नाही ना बाई. रोशनीच्या वेळेस किती महिने लागले. आता आठ-दहा श्वासांत निघते.”

“माझ्या वेळी जास्त लागले.”

“हो. तुम्ही बी धरून होत्या ना.”

गाडी आली. जनरलच्या डब्यात तिला खिडकी मिळाली. मी पेटी सीटखाली सरकवून खाली उतरले. हात वगैरे हलवणं तिच्या स्वभावात नव्हतं, माझ्याही नाही. गजांमागे तिचा चेहरा होता, प्लॅटफॉर्मकडे पाहणारा, पण माझ्याकडे नव्हे. माझ्यामागे, जिथं धुक्यात माणसं चढत-उतरत होती, तिकडे. ओठ हलले आणि थांबले. हलले आणि थांबले. गाडी हलली तेव्हा ती थांबलेली होती. डबा धुक्यात शिरला तरी ओठ मिटलेलेच दिसले.

आज क्वार्टरची चावी जमा करून बाहेर आले तर दिवस बुडत होता. पायरी रिकामी. तरी बांधीपलीकडे दारं उघडली. सवयीनं. माणसं येऊन उभी राहिली असावीत, धुक्यात नुसतं काळं-काळं दिसत होतं.  कोणी नाव घेतलं नाही. नेहमीएवढाच वेळ गेला. मग कालव्याच्या बाजूनं, कोणी न बोलावता, “हो” आलं.

कोणाचं, ते विचारायला मी गेले नाही. हेल्मेट घातलं आणि घरी आले.

इथवर सोमवारी लिहिलं होतं. मंगळवारी सकाळी भाजी चिरून झाल्यावर मी गॅस बंद केला. दिनकर पेपर वाचत होता. मी तो पेपर बाजूला ठेवला, त्याचा हात धरून गाठीवर ठेवला आणि म्हटलं, “हे पाहा.” त्यानं पाहिलं. बराच वेळ हात काढला नाही. मग मी दवाखान्यात फोन करून रजा सांगितली, आणि आम्ही दोघं त्याच्या मोटारसायकलवर गोंदियाला तपासणीला गेलो. मी मागे बसले. माझ्या कागदांची फाइल माझ्या मांडीवर होती.